कचरा डेपो पेटला तर खबर कुणी, कुणाला आणि कशी द्यायची?

२७-२८ जानेवारी २०१६ च्या रात्री मुंबईतलं देवनारचं डंपिंग ग्राउंड पेटलं. धूर पुढचे कितीतरी दिवस पूर्व उपनगरांवर बसून राहिला, पालिकेच्या सत्तरहून जास्त शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि नासाच्या उपग्रहचित्रांतही तो धूर टिपला गेला. मार्चमध्ये पुन्हा आग. जी आग उपग्रहाला दिसली ती आणखी कुणाला कळवायची, असं कुणीही विचारेल. पण सरकारी यंत्रणा दिसलेल्या गोष्टीवर हलत नाही, नोंदलेल्या गोष्टीवर हलते. आग किती वाजता लागली, जागेचा प्रभारी कोण होता, त्याने कुणाला, केव्हा आणि कोणत्या कलमाखाली कळवलं, यावरच पुढची नोटीस, दंड आणि भरपाई उभी राहते. ही नोंदच नसेल तर वर्षअखेरीस "किरकोळ आगीच्या घटना" अशा दोन-तीन शब्दांत सगळं मिटतं.

आपल्याकडे कचरा डेपोवरच्या दुर्घटनेची खबर देण्याचे एकापेक्षा जास्त रस्ते आहेत. त्यातला सगळ्यांत ठळक, २०१६ च्या नियमांनी खास कचऱ्यासाठीच आखलेला रस्ता प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या दारापर्यंत जातच नव्हता. दुसरा, जुना रस्ता थेट मंडळात जातो, पण तो वापरला जाताना क्वचितच दिसतो. हे दोन्ही नीट समजून घेतले तर डेपोशेजारी राहणाऱ्याच्या हाती बरंच काही लागतं.

घटना म्हणून काय काय धरायचं?

आग सगळ्यांना दिसते, म्हणून बातमी आगीचीच होते. डेपोवरच्या बाकीच्या घटना शांतपणे घडतात.

लीचेट घ्या. कचऱ्यातून झिरपून निघणारं काळं, उग्र वासाचं पाणी म्हणजे लीचेट. ते नैसर्गिक प्रवाहात सोडायचं असेल तर २०१६ च्या घनकचरा नियमांत मर्यादा दिली होती: बीओडी लिटरमागे ३० मिलिग्रॅमपर्यंत, सीओडी २५० पर्यंत. (पाण्यातली घाण कुजवायला किंवा रसायनाने मोडायला किती ऑक्सिजन लागेल, याची ही मापं.) ताज्या कचऱ्याच्या लीचेटमध्ये हे आकडे हजारांत असतात. जुलैच्या एका जोरदार पावसात लीचेटचं तळं भरून वाहिलं आणि ते पाणी शेजारच्या ओढ्यात गेलं, तर ती घटना झाली. डेपोच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आतल्या भूजलाची उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासणी करायची असते. त्या तपासणीत एखाद्या विहिरीचं पाणी अचानक बिघडलेलं आढळलं, तर तीही घटनाच, डोळ्यांना काही दिसलं नसलं तरी.

ढीग सरकणं ही आणखी एक. १ सप्टेंबर २०१७ ला दिल्लीच्या गाझीपूर डेपोचा एक भाग पावसानंतर कोसळला, रस्त्यावरची वाहनं शेजारच्या कालव्यात फेकली गेली आणि दोघांचा जीव गेला. असा ढीग सहसा आधी इशारा देतो. माथ्यावर भेगा पडतात, पायथ्याशी फुगवटा येतो, कुठून तरी पाणी पाझरायला लागतं. या खुणा कळवण्याजोग्या आहेत, कारण ढीग कोसळल्यावर कळवून फक्त पंचनामा होतो.

वायूचं प्रकरण सर्वांत फसवं आहे. कचरा कुजताना मिथेन तयार होतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के झालं की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. आपल्या २०१६ च्या नियमांनी भरावभूमीवर, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेवर (लँडफिल), मिथेनची मर्यादा स्फोटाच्या खालच्या पातळीच्या पाव हिश्शावर, म्हणजे सव्वा टक्क्यावर ठेवली होती. ती का, हे इंग्लंडमधल्या लॉस्को या गावात कळतं. डर्बीशरमधल्या या गावात एका जुन्या खाणीच्या खड्ड्यात कचरा भरला होता. २४ मार्च १९८६ च्या पहाटे हवेचा दाब काही तासांत झपाट्याने उतरला. दाब उतरला की जमिनीत कोंडलेला वायू बाहेर यायला बघतो. तो मातीतून, खडकाच्या भेगांतून सरकत जवळच्या एका बंगलीच्या जमिनीखाली साठला आणि घरातल्या हीटरच्या निमित्ताने पेटला. बंगली जमीनदोस्त झाली, आतले तिघे गंभीर जखमी झाले. धूर नाही, आग नाही, डेपोवर काही घडल्याचं चिन्ह नाही. त्यानंतर ब्रिटनमध्ये लँडफिलच्या वायूकडे बघण्याची पद्धत बदलली आणि हद्दीवर भोकं पाडून वायू मोजणं नेहमीचं झालं. आपल्याकडे शहरं वाढत वाढत डेपोच्या कुंपणाला टेकली आहेत, त्यामुळे तळघरात, गटारीच्या चेंबरमध्ये किंवा बोअरवेलच्या तोंडाशी कुजकट वास येऊ लागला तर ते फक्त 'दुर्गंधी' या सदरात टाकू नये. मिथेनला स्वतःला वास नसतो, वास त्याच्यासोबतच्या इतर वायूंचा. पण ते सगळे एकाच वाटेने येतात.

आणि आगीचेही दोन प्रकार असतात. वरवरची आग भडकते आणि विझते. आतली आग धुमसते. ढिगात खोलवर हवा शिरली, तापमान वाढलं, की ज्वाळा न दिसता आठवडेच्या आठवडे कचरा जळत राहतो. वरून पाणी मारलं तर वाफ होऊन नव्या वाटा पडतात आणि खाली लीचेट वाढतं, म्हणून अशा आगीवर माती किंवा राडारोडा टाकून हवा तोडतात. आतल्या आगीची खूण म्हणजे तापमान आणि कार्बन मोनॉक्साइड. ढिगातला वायू बाहेर काढायला खोदलेल्या वायूच्या विहिरींवर हे मोजलं तरच कळतं.

ठळक रस्ता: नमुना सहा

८ एप्रिल २०१६ ला, म्हणजे देवनारच्या आगीनंतर दहाएक आठवड्यांनी, केंद्राने नवे घनकचरा व्यवस्थापन नियम काढले. त्यातला २५ वा नियम अपघाताच्या अहवालाबद्दल होता. कचरा प्रक्रिया केंद्रात किंवा भरावभूमीवर अपघात झाला तर त्या केंद्राच्या प्रभारी अधिकाऱ्याने नमुना सहामध्ये स्थानिक स्वराज्य संस्थेला कळवायचं, संस्थेने आढावा घ्यायचा आणि गरज असेल तर सूचना द्यायच्या. नियम इथेच संपायचा. नगरपालिका किंवा महापालिका. त्यापुढे कुणी नाही.

आता बहुतेक शहरांत डेपो कुणाच्या मालकीचा असतो? त्याच महापालिकेच्या. ठेकेदार नेमणारी तीच, बिलं काढणारी तीच, आणि अपघाताचा अहवाल तपासणारीही तीच. आपणच परीक्षेला बसायचं आणि आपणच पेपर तपासायचा, असा हा प्रकार आहे. नियम लिहिणाऱ्यांचा हेतू कदाचित एवढाच असेल की ठेकेदाराने आधी मालकाला सांगावं, आणि ते योग्यही आहे. पण मालकाने पुढे कुणाला सांगायचं हे त्या नियमात नसल्यामुळे खबर तिथेच थबकू शकायची.

नमुना मात्र चांगला होता. घटनेची तारीख आणि वेळ, घटनेपर्यंतचा घटनाक्रम, कोणता कचरा त्यात सापडला, माणसांच्या आरोग्यावर आणि पर्यावरणावर झालेल्या परिणामांचा अंदाज, तातडीने केलेले उपाय, परिणाम कमी करण्यासाठी उचललेली पावलं आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून केलेली व्यवस्था, असं सगळं त्यात विचारलं होतं. 'घटनाक्रम' हा रकाना प्रामाणिकपणे भरला तर अर्धी चौकशी तिथेच होते. दुपारी चारला वजनकाट्यावरून शेवटची गाडी गेली, सहाला पाळी बदलली, साडेसातला पहारेकऱ्याला धूर दिसला, सव्वाआठला अग्निशमन दलाला फोन झाला. मधला पाऊण तास काय चाललं होतं, हा प्रश्न मग कुणालाही पडतो. आणि हाच प्रश्न पडू नये म्हणून रकान्यात "अज्ञात कारणाने आग लागली, आटोक्यात आणली" एवढं एक वाक्य टाकून देण्याचा मोह होतो.

याच्याशेजारी इतर कचऱ्याचे नियम ठेवून बघा. कारखान्यांचा घातक कचरा, जो तळोजा किंवा रांजणगावच्या केंद्रांत जातो, त्याच्यासाठीही २०१६ चेच वेगळे नियम आहेत. त्यात अपघात झाल्यास फोन किंवा ईमेलने ताबडतोब राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवायचं आणि नंतर नमुना ११ मध्ये सविस्तर अहवाल पाठवायचा. दवाखान्यांच्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या बाबतीत मोठा अपघात लगेच कळवून चोवीस तासांत लेखी अहवाल द्यायचा. तिन्ही नियम एकाच वर्षीचे, एकाच मंत्रालयाचे. ज्या कचऱ्याचे डोंगर सर्वांत मोठे आणि ज्याच्या शेजारी सर्वांत जास्त माणसं राहतात, नेमका त्याच्याच अपघाताची खबर नियामकाकडे न्यायची विसरली गेली. व्यवहारात तर हे कचरे वेगळे राहतही नाहीत. घरगुती कचऱ्याच्या गाडीत दवाखान्याच्या पिवळ्या-लाल पिशव्या निघतात, रात्री कुणीतरी रसायनाचे ड्रम टाकून जातं. डेपोवर असं काही सापडलं तर ते मंडळालाच कळवायचं, कारण तो कचरा मुळात तिथे यायलाच नको होता.

केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये घनकचऱ्याच्या नव्या नियमांचा मसुदा काढला, आणि १ एप्रिल २०२६ पासून २०१६ च्या नियमांच्या जागी २०२६ चे नवे नियम आले. नियम बदलले की कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलतात, म्हणून पत्र लिहिताना घटनेच्या दिवशी कोणते नियम लागू होते ते बघून घ्यावं. खाली ज्या कायद्यांबद्दल लिहितो आहे ते मात्र या नियमांपेक्षा खूप जुने आहेत आणि नियम बदलले तरी जागेवरच राहतात.

जुना रस्ता, थेट मंडळाकडे

जल अधिनियम १९७४, कलम ३१. अपघाताने किंवा अनपेक्षित घटनेने एखाद्या ठिकाणाहून दूषित पदार्थ ओढ्यात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर गेला, किंवा जाण्याची शक्यता असली, आणि त्यामुळे पाणी बिघडत असेल, तर त्या जागेच्या प्रभारी व्यक्तीने तत्काळ राज्य मंडळाला कळवायचं. हे कलम कारखान्यांपुरतं नाही. प्रक्रिया आणि विल्हेवाटीची व्यवस्था त्यात स्पष्ट आली आहे. लीचेटचं तळं फुटलं की हे कलम लागू.

हवा अधिनियम १९८१, कलम २३. ठरवलेल्या मानकांपेक्षा जास्त प्रदूषण अपघाताने हवेत गेलं किंवा जाण्याची भीती निर्माण झाली, तर प्रभारी व्यक्तीने तत्काळ मंडळाला कळवायचं. आग लागली की हे लागू. पर्यावरण संरक्षण अधिनियम १९८६ च्या कलम ९ मध्येही असंच बंधन आहे, आणि त्यात प्रदूषण रोखण्याची जबाबदारीही त्याच माणसावर टाकली आहे. या १९८६ च्या कायद्यातली तुरुंगवासाची शिक्षा आता गेली आहे. १ एप्रिल २०२४ पासून तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा आर्थिक दंड आला.

म्हणजे डेपोचा प्रभारी, मग तो ठेकेदाराचा व्यवस्थापक असो की पालिकेचा अभियंता, पालिकेत अपघाताचा अहवाल देऊन मोकळा होत नाही. त्याला मंडळालाही कळवावं लागतं. "आम्ही वरिष्ठांना कळवलं होतं" हे या कलमांचं उत्तर होत नाही.

आता हवा अधिनियमाच्या कलम २३ चं दुसरं उपकलम बघा, कारण डेपोशेजारच्या माणसासाठी या सगळ्यात कामाचं तेच आहे. त्यात म्हटलंय की अशी माहिती मंडळाला प्रभारी व्यक्तीकडून मिळो किंवा अन्य कोणत्याही मार्गाने मिळो, मंडळाने शक्य तितक्या लवकर प्रदूषण कमी करण्याचे उपाय करवून घ्यायचे. अन्य कोणत्याही मार्गाने. शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरीचा ईमेल, गावच्या सरपंचाचं पत्र, कचरावेचक बाईने लिहून घेतलेला अर्ज, हे सगळे त्यात बसतात. पुढच्या उपकलमात तर त्या उपायांचा खर्च संबंधिताकडून वसूल करण्याची तरतूद आहे. त्यामुळे प्रभारी गप्प बसला तरी मंडळाला "आम्हाला कळवलंच नाही" म्हणता येत नाही. एका पत्राने ते म्हणण्याची सोय संपते.

'तत्काळ' म्हणजे किती?

आपल्या जल आणि हवा कायद्यांत तत्काळ म्हणजे किती तास, हे लिहिलेलं नाही. ब्रिटनमध्ये लँडफिलच्या परवान्याला कळवण्याचा एक दोन भागांचा नमुना जोडलेला असतो. पहिला भाग घटना लक्षात आल्यापासून चोवीस तासांत द्यायचा, त्यात थोडक्यात काय, कुठे, केव्हा. दुसरा भाग जमेल तितक्या लवकर, त्यात कारणं, मोजमापं आणि पुढचे उपाय. ही विभागणी फार शहाणपणाची आहे. आग चालू असताना कुणालाही कारण माहीत नसतं, आणि कारण कळेपर्यंत थांबायचं ठरवलं तर खबर तीन आठवड्यांनी जाते.

अमेरिकेत तर घटना घडायच्या आधीची पायरीही कळवावी लागते. मोठ्या लँडफिलवर वायूच्या विहिरीचं तापमान ७६.७ अंश सेल्सिअसवर गेलं आणि कार्बन मोनॉक्साइड दशलक्ष भागांत हजारच्या वर आढळला, तर चोवीस तासांत नियामकाला कळवायचं, असा तिथला आताचा नियम आहे. हा नियम असा हवेतून आला नाही. मिसुरी राज्यात सेंट लुइसजवळच्या ब्रिजटन लँडफिलच्या चालकाने डिसेंबर २०१० मध्ये राज्याच्या खात्याला कळवलं की काही विहिरींचं तापमान वाढतंय. तेव्हा बाहेर काहीच दिसत नव्हतं. पुढे जमिनीखालची ती धग अनेक वर्षं चालली, आणि शेजारीच किरणोत्सारी कचरा पुरलेली जागा असल्यामुळे ते प्रकरण देशभर गाजलं. चालकाने कळवलं म्हणून धग थांबली नाही, पण सुरुवात कधी झाली यावर कुणाचं दुमत राहिलं नाही.

आपल्याकडच्या किती डेपोंवर वायूच्या विहिरी आहेत, हा प्रश्न इथे विचारला तर चर्चा भलतीकडे जाईल. बऱ्याच ठिकाणी ज्याला भरावभूमी म्हणतात ती मुळात नुसती टाकण्याची जागा आहे. खाली दीड मिलिमीटर जाडीचं प्लास्टिकचं अस्तर नाही, वर रोजचा दहा सेंटिमीटर मातीचा थर नाही. मोजायला काहीच नसेल तर डोळे आणि नाक हीच साधनं उरतात.

तक्रार कशी लिहायची

डेपोबद्दलची बहुतेक पत्रं साधारण अशी असतात: "आमच्या परिसरात कचरा डेपोच्या धुरामुळे नागरिकांना प्रचंड त्रास होत असून लहान मुले व वृद्ध यांचे आरोग्य धोक्यात आले आहे. तरी योग्य ती कारवाई व्हावी." यातला प्रत्येक शब्द खरा असेल, पण अधिकाऱ्याला यावर करण्यासारखं काहीच नसतं. तो ते पालिकेकडे 'आवश्यक कार्यवाहीसाठी' पाठवतो आणि विषय बंद होतो.

आता हे बघा:

"दि. १४ मार्च रोजी रात्री ९.४० च्या सुमारास डेपोच्या पूर्वेकडील कुंपणालगत, जुन्या वजनकाट्याच्या मागे ज्वाळा दिसल्या. वारा पश्चिमेकडून होता. रात्री ११ पर्यंत धूर रस्त्यापलीकडील वस्तीत पसरला. जळत्या प्लास्टिकसारखा वास येत होता. १०.०५ वाजता अग्निशमन दलास दूरध्वनी केला. आज सकाळी ७ वाजता धूर सुरूच आहे. तीन छायाचित्रे जोडली आहेत. हवा अधिनियम १९८१ च्या कलम २३(२) नुसार मंडळास ही माहिती देत आहोत. क्षेत्र अधिकाऱ्यांनी आजच पाहणी करावी, आणि डेपोच्या प्रभारींनी पालिकेला दिलेल्या अपघात अहवालाची प्रत मंडळाने मागवावी, ही विनंती."

यात त्रासाचं वर्णन नाही, विशेषणं नाहीत. जागा इतकी नेमकी आहे की पालिका "ती आग डेपोबाहेरची होती" म्हणू शकत नाही. वाऱ्याची दिशा दिली आहे, त्यामुळे धूर कुठून कुठे गेला ते हवामानाच्या नोंदींशी पडताळता येतं. सकाळी सातची नोंद आहे, म्हणजे आग रात्रीच विझल्याचा दावा टिकत नाही. कलम दिलंय, म्हणून हे पत्र गाऱ्हाण्यांच्या ढिगात न जाता वैधानिक माहिती ठरतं. कारणाबद्दल मात्र यात मुद्दाम काही लिहिलेलं नाही. भंगारातला धातू काढायला कुणी आग लावली, की मिथेनने पेट घेतला, की कुणी पुरावा जाळला, हे आपल्याला माहीत नसतं. तर्क लिहिला की उत्तर त्या तर्कालाच मिळतं, आगीला मिळत नाही.

हे पत्र पाठवायचं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याला, आपल्या भागाचं कार्यालय असेल तिथे. प्रत पालिका आयुक्त किंवा मुख्याधिकाऱ्यांना, आणि एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, कारण जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ते अध्यक्ष असतात. गोव्यात असाल तर गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. ईमेल करा, पण जमलं तर कार्यालयात जाऊन आवक शिक्का मारलेली पोचही घ्या. आग जोरात असेल तर अर्थात आधी १०१ किंवा ११२, मुंबईत १९१६. पत्र नंतर. फोनची वेळ लिहून ठेवा.

बाटलीत पाणी भरू नका

लीचेट ओढ्यात चाललेलं दिसलं की उत्साही माणूस पहिल्यांदा बाटली शोधतो. ओढ्यातलं काळं पाणी भरून खासगी प्रयोगशाळेतून तपासून आणतो, आणि अहवाल घेऊन मंडळात जातो. चांगली भावना आहे, पण मंडळाच्या खटल्यात तो अहवाल कायदेशीर नमुना म्हणून चालत नाही.

जल अधिनियमाच्या कलम २१ मध्ये नमुना कसा घ्यायचा त्याची रीत बारकाईने दिली आहे. मंडळाचा अधिकारी जागेच्या प्रभारीला तिथल्या तिथे नोटीस देतो की तपासणीसाठी नमुना घेतोय. त्याच्या समोर नमुन्याचे दोन भाग करतो. दोन्ही बाटल्या सीलबंद होतात, त्यांवर खुणा आणि दोघांच्या सह्या होतात. एक बाटली लगेच मंडळाच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जाते, दुसरी प्रभारीने मागणी केली तर वेगळ्या प्रयोगशाळेत. यातली एखादी पायरी चुकली की वकील त्यावरच बोट ठेवतो आणि अहवाल बाजूला पडतो.

म्हणून आपलं काम नमुना घेणं हे नाही. ओढा काळा असतानाच क्षेत्र अधिकाऱ्याला तिथे आणणं हे आपलं काम. तीन दिवसांनी पाऊस ओसरल्यावर तो आला तर त्याच्या बाटलीत स्वच्छ पाणी जाणार आणि अहवालही स्वच्छ येणार. फोटो काढताना मोबाइलमध्ये वेळ आणि ठिकाण नोंदवण्याची सोय चालू ठेवा, आणि नुसत्या काळ्या पाण्याचा जवळून फोटो न काढता मागे डेपोची भिंत, विजेचा खांब, पुलाचा कठडा असं काही ओळखीचं येऊ द्या. खासगी प्रयोगशाळेचा अहवाल अगदीच वाया जात नाही. तो जोडला तर तपासणीला यायला मंडळाला कारण मिळतं. पण त्याच्यावर दावा उभा करू नका.

आतल्या माणसांचं काय?

डेपोवर काम करणाऱ्यांना सगळं आधी कळतं. पोकलेनवाल्याला ढिगाची भेग दिसते, पहारेकऱ्याला धूर दिसतो, वजनकाट्यावरच्या मुलाला कोणत्या गाडीत काय आलं ते माहीत असतं. ते सांगत नाहीत, कारण ठेक्यात आगीसाठी दंडाची अट असते आणि तो दंड शेवटी कुणाच्या पगारातून जाईल ते त्यांना ठाऊक असतं. माझ्या मते ठेक्याच्या अटीच इथे उलट्या आहेत. दंड आग लागल्याबद्दल कमी आणि ती दडवल्याबद्दल किंवा उशिरा कळवल्याबद्दल कितीतरी जास्त असायला हवा. अशी अट निविदेत घालायला कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही. एखादा नगरसेवक स्थायी समितीत हे मांडू शकतो.

पुढे काय होऊ शकतं

मंडळ जल अधिनियमाच्या कलम ३३-अ आणि हवा अधिनियमाच्या कलम ३१-अ खाली निर्देश देऊ शकतं, अगदी काम बंद करण्यापर्यंत. प्रांतांकडेही जाता येतं. सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा सशर्त आदेश देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना आहे, पूर्वी दंड प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली. १९८० च्या रतलाम नगरपालिकेच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच अधिकाराचा आधार घेऊन सांगितलं की पैसे नाहीत ही नगरपालिकेची सबब चालणार नाही. हा रस्ता आजकाल फारसं कुणी धरत नाही, पण छोट्या गावांत तो जवळचा आणि स्वस्त आहे.

मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, ज्याचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. कोचीजवळच्या ब्रह्मपुरम इथला कचरा २ मार्च २०२३ ला पेटला आणि विझायला जवळपास बारा दिवस लागले. न्यायाधिकरणाने स्वतःहून दखल घेतली आणि १७ मार्चला कोची महापालिकेला शंभर कोटी रुपये भरायला सांगितलं. स्वतःहून दखल घेण्याचा हा अधिकार मान्य झाला तोही कचऱ्याच्याच प्रकरणात. देवनारच्या कचऱ्यावरची एक ऑनलाइन बातमी वाचून न्यायाधिकरणाने मुंबई महापालिकेवर कारवाई केली, पालिका सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला न्यायालयाने न्यायाधिकरणाच्या बाजूने निकाल दिला.

स्वतः अर्ज करायचा असेल तर मुदत लक्षात ठेवा. वादाचा निवाडा मागण्यासाठी कारण पहिल्यांदा उद्भवल्यापासून सहा महिने, भरपाईसाठी पाच वर्षं, आणि सबळ कारण दाखवलं तर दोन्हींत आणखी साठ दिवसांपर्यंत सवलत.

त्या आधी माहिती अधिकारात कागद काढून ठेवा. महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज, दहा रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, म्हणून अर्ज वेगवेगळे करा. पालिकेकडे एक: अमुक तारखेच्या घटनेबद्दल डेपोच्या प्रभारींनी दिलेला अपघात अहवाल आणि त्यावर पालिकेने दिलेल्या सूचना. मंडळाकडे दुसरा: त्याच तारखेच्या घटनेबद्दल कलम २३ किंवा कलम ३१ खाली मंडळाला आलेली सूचना, तिची आवक नोंद आणि पाहणी अहवाल. मंडळाकडेच तिसरा: गेल्या तीन वर्षांचे भूजल तपासणीचे अहवाल. उत्तराला तीस दिवस असतात. पहिल्या दोन अर्जांना "अशी कोणतीही नोंद कार्यालयात उपलब्ध नाही" असं उत्तर आलं तर नाराज होऊन फाडू नका. त्यावर जन माहिती अधिकाऱ्याची सही असते, आणि घटना कळवलीच नव्हती हे दाखवायला तो कागद अर्जासोबत जोडता येतो.